देवामार्फत

...नाही, पण मला एक सांगा, एकाच घरातल्या माणसांना एकमेकांशी बोलायला मध्ये देव कशाला लागतो? मी देव मानत नाही. भांडणही नाही माझं त्याच्याशी. तो त्याच्या जागी, मी माझ्या दुकानात. कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे माझं, लोकांची अडलेली दारं उघडून देतो, आणि घरी काय? पंधरा वर्षांची लेक दार लावून बसलेली. शाळा नको, जेवण नको, विचारलं की "काही नाही." तुम्हाला सांगतो, या 'काही नाही'ची किल्ली अजून कुणी बनवलेली नाही.

बायको आमची देवभक्त. देवाशी बोलते, पण मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं. त्या दिवशी लेकीच्या दारालाच पाठ टेकून बसली, डोळे मिटले आणि सुरू... "देवा, पोरगी दोन घास खाईना. मी नुसती रागावते रे. तिच्यासारखं मन कुणाचं नाही, हे तिला कधी म्हटलंच नाही मी."

म्हटलं, अगं, मग म्हण ना, ती हातभर अंतरावर आहे. तर मलाच हातानं गप्प केलं. मी देव मानत नाही, पण बायकोला मानतो. बसलो गप्प.

आणि आतून आवाज आला... "देवा, आईला सांग, वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. सगळ्यांनी ठरवून एकटं पाडलंय मला. डबा मी जिन्यात बसून खाते."

हातातला चहा तसाच राहिला हो माझा. बायकोनं मात्र डोळे उघडले नाहीत.

"देवा, तिला सांग, उद्या आई येतेय शाळेत."

"देवा, आईला सांग, बाईंशी भांडू नकोस."

"देवा, तिला सांग, ते माझं मी बघते. तू आधी कडी काढ."

काढली. मग दोघी उंबऱ्यातच गळ्यात गळे घालून रडल्या, आणि मी कपबशी घेऊन उभा.

शाळेत आई गेली, भांडलीच, पण बाईंनी लक्ष घातलं. आता लेक जाते, जेवते, एक मैत्रीणही मिळाली. झालं ना काम? मग देवाला सोडा की. पण नाही... "देवा, आईला सांग, भाजी खारट झालीय." "देवा, तिला सांग, उद्यापासून तूच कर." मी देव मानत नाही, म्हणून माझं कुणी ऐकतच नाही. काल तीनदा म्हटलं, जरा रिमोट द्या. ढिम्म. शेवटी मिटले डोळे, जोडले हात... "देवा, आपली ओळख नाही, पण या दोघींना सांग, रिमोट द्या म्हणावं."

तर लेक म्हणते, "देवा, बाबांना सांग, रांगेत या."

बसलोय रांगेत.