लारासची चिठ्ठी

बस गं, उभी का? सगळ्या खुर्च्या रिकाम्याच आहेत, हवी ती घे. आणि हा खोका घे — लेम्पर आहे, चिकट भातात कोंबडी, केळीचं पान अजून गरम असेल बघ — पंधरा खोके आणलेत मी, आणि डोकी किती? तू एक. माझं कसलं डोकं धरतेस, मी तर बोलणारी! कार्डावर हजेरीची सही हवी ना तुला? देतील, सर आले की देतील. दुसऱ्या वर्षाला आहेस ना, मग तुला ठाऊक नसेल — दहा जण भरले नाहीत तर सेमिनार होतच नाही, सहा महिने पुढे ढकलतात. साडेनऊपर्यंत वाट बघू म्हणालेत हार्दिमान सर. किती वाजले? नऊ वीस? मग येतील. आपल्या जोग्याकार्तात वेळेवर येतं कोण!

ती पुढची खुर्ची तेवढी सोड हं, ती लारासची. आज माझ्या चुका काढायला तीच आहे, प्रश्नही तीच विचारणार — फॉर्मवर सही आहे तिची, मार्चमधली. तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. तिच्या सेमिनारला मी, माझ्या सेमिनारला ती, असं ठरलेलं. आणि ते कसं असतं सगळ्यांना माहीत आहे, सरांनासुद्धा — बोलणाराच आदल्या दिवशी चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतो, आपण तो विचारायचा, तो पाठ केलेलं उत्तर देणार, टाळ्या, की लेम्पर. तिनंही दिली होती मला चिठ्ठी. मी उघडलीसुद्धा नाही, तशीच खिशात टाकली.

मग काय विचारलं? विचारलं कुठे, सुनावलं. उभी राहिले नि म्हटलं, लारास, अकरा वेळा तू आमच्याकडे पाठ फिरवलीस. पडद्यावरचं वाचून दाखवलंस, ते आम्हालाही वाचता येतं. प्रयोगातल्या त्या सालाक फळाच्या चकत्या तू तळल्यास की पडद्यानं? — लोक हसले गं. मला काही हसवायचं नव्हतं... आवडलं मला, खोटं कशाला बोलू. सर मान डोलवत होते, वहीत लिहून घेत होते, माझं! आणि ती तिथं माइक धरून उभी, मान खाली गेली ती गेलीच.

पण खरं होतं की नाही? अकरा म्हणजे अकरा, मोजल्या होत्या मी. त्या दिवशी नाही — आधीच. आठवडाभर ती खोलीत सराव करायची, कपाटाला पडदा समजून त्याच्याकडे तोंड करून, आणि मी शेंगदाणे खात ऐकायची. "कसं झालं गं, वेनिंग?" रोज विचारायची. "छान झालं," रोज मी म्हणायची. अशी बघू नकोस माझ्याकडे. तेव्हाच सांगायचं होतं हे मला का कळत नाही? पण खोलीत सांगितलं असतं तर सरांना कसं ऐकू आलं असतं?

त्यानंतर माझ्याशेजारी कुणी बसत नाही. न बसू देत. शिकले मात्र मी — तिच्यामुळेच शिकले. पाठ फिरवायची नाही, वाचायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. दहा दिवस सराव केलाय, समोर चपला मांडून — तीन जोड माझे आणि एक निळा, तिचा, खोली सोडताना राहिलेला. तो मधोमध. त्याच्याकडे बघून सुरुवात करायची आणि शेवटी त्यालाच विचारायचं, कसं झालं गं? वेडीच मी.

थांब, जिन्यात पावलं वाजली ना? बघ जरा. — पाण्याचे कॅन? बरं.

काय म्हणतेस, तू विचारशील प्रश्न? तिच्या जागी बसून? गुणी आहेस गं. चिठ्ठी... माझ्याकडे नाहीये लिहिलेली. ही आहे ती लारासची, तेव्हाची. खोलीवर गेल्यावर उघडली मी. वाच ना. मोठ्यानं नको, मनातच वाच. 'या कामात तुला सर्वांत जास्त मदत कुणाची झाली?' — एवढंच. उत्तर तिनं पाठ करून ठेवलं होतं.

दे ती इकडे. सर आले बघ, घड्याळ बघतायत. जा, कार्डावर सही घे आणि जा तू. आणि ते खोके ने, चार-पाच तरी ने.