बंदुकीवरची विभूती

तुम्ही बंदूक बघायला आलाय, का आमचं घर? — न्हाय, रागानं विचारत न्हाय, पावणं, बसा की नीट — मगाधरनं बघते, बंदूक तुमच्या मांडीवर आणि नजर त्या कपाटाकडं, पदकांकडं. सगळ्यांची जाते. तुमच्या आधी कंपनीची दोन माणसं येऊन गेली, तीपण आधी तिथंच बघायची आणि म्हणायची, अरे वा, मुलीनं मिळवली काय? मग काय आम्ही भांड्यावर बदलून घेतली? — हसा की. आमचे हे बाहेर गेल्यावर या घरात हसलेलं चालतं. फरसाण आणायला गेलेत तुमच्यासाठी. पुण्याहनं माणूस आलाय, नुसत्या चहावर पाठवायचा व्हय, म्हणाले. वर्षभर तुमच्या कंपनीला शिव्या घालणारा माणूस, आज फरसाण आणायला गेला. का गेला? तर तुम्ही उंबऱ्यातनं आत येता येता म्हणालात, काळजी करू नका साहेब, बारीकसा दोष जरी निघाला तरी कंपनी नवीन बंदूक देणार हाय. तेवढं ऐकलं आणि त्यांचं तोंड कसं झालं, बघितलं का तुम्ही? मी बघितलं. आणि देव्हाऱ्यापुढं जाऊन हात जोडले.

का जोडले म्हणताय? सांगते की. चहा घ्या आधी, गार होतोय. — आमची रक्षिता एकुलती एक. अकरावीला हाय, आता क्लासला गेलीय. आठवीत असताना शाळेतल्या सरांनी सगळ्या पोरींना एकदा दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलतं. बाकीच्या पोरी खिदळत परत आल्या, ही गप्प आली, आणि दुसऱ्या दिवशी सरच घरी आले. म्हणाले, तुमच्या पोरीचा हात थांबतो. हात थांबतो म्हणजे? मला कळंना. म्हणजे हलत न्हाय, बंदूक धरली की दगडासारखा. तर आमच्या सासूबाई म्हणतात, महानंदा, पोरीचा हात थांबला तर भाकऱ्या कोण थापणार गं? — मल्लव्वा म्हणतात त्यांना, आतल्या खोलीत पडून असतात, ऐकू येत न्हाय असं त्याच सांगतात, म्हणून आपण जरा हळूच बोलूया.

आमचे हे उद्यमनगरात फिटर. पोरगी जिल्ह्यात पहिली आली, पेपरात फोटो आला, तेव्हापासनं कारखान्याचे मालक ह्यांना रक्षिताचे अप्पा म्हणायला लागले. आधी काय म्हणायचे? आधी 'ए' म्हणायचे. — त्या एका हाकेसाठी माणूस काय काय करतो बघा. ही बंदूक आणली. छऱ्याचीच, हवेवर चालणारी, पण परदेशातली, तुमच्या कंपनीकडनं. ती आली त्या दिवशी ह्यांनी पेटी उघडायच्या आधी हातपाय धुतले. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, न्हाय म्हणत न्हाय. मग छर्रे खाली लागायला लागले. म्हणजे कसं — सुरुवातीचे मधोमध, अगदी शाई लावून ठेवल्यासारखे, आणि स्पर्धा निम्मी झाली की खाली. पुढच्या स्पर्धेतबी तसंच. त्याच्या पुढच्याबी. कुणीतरी ह्यांना सांगितलं, सिलिंडरचं सील गळत असलं आणि हवा कमी पडली की असं होतं. झालं! बंदुकीत दोष हाय. कंपनीनं फसवलं.

कंपनीचं माणूस यायला वेळ लागला, तोवर हे गप्प बसतील व्हय? फिटरचा हात. आधी दिल्लीहनं दुसरा ट्रिगर मागवून बसवला. मग गाल टेकायची फळी, ती स्वतः अॅल्युमिनियमची घडवली, पोरीचा गाल मापून. मग नळीच्या टोकाला पितळेचं वजन, नळी डोलू नये म्हणून. पोरीचे गुण पडले की बंदुकीला एक दागिना. मी एकदा म्हटलं, आता नथ तेवढी राहिली — तर दिवसभर बोलले न्हाईत माझ्याशी. रविवारी मांडीवर घेऊन पुसत बसायचे, मऊ फडक्यानं, कुणी लेकराचं अंग पुसावं तसं. पोरगी दारात उभी राहून बघायची. मी म्हणायची, का गं उभी? तर म्हणायची, काही न्हाय, माझा नंबर कधी येतोय बघते. — चेष्टेनंच म्हणायची हो. चेष्टेनंच.

तर तुमच्या कंपनीचा पहिला माणूस आला. स्क्रूड्रायव्हर लावून बंदूक उघडली, सिलिंडर जिथं बसतो तिथं बोट फिरवलं, आणि पांढरं झालेलं बोट वर करून विचारतो, ही राख कसली? मी म्हटलं, राख न्हवं ती, विभूती हाय. आता तुम्हीच सांगा, खंडेनवमीला घरातल्या हत्यारांना पुजतात का न्हाय? विळी, ह्यांचे पाने, स्कूटर, सगळं ओळीनं मांडतो आम्ही. त्यात बंदूक. आणि लिंगायताचं घर, म्हणजे विभूतीचे तीन पट्टे आलेच, वर कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. ह्यांनीच मागं उभं राहून सांगितलं, नीट लाव, हातचं राखू नको. मी न्हाय राखलं. पाण्यात कालवून चांगली जाड लावली, वाळल्यावर झडली असंल, कुठं झडली ते मी काय बघत बसले न्हाय. तो माणूस म्हणाला, बाहेरचा पदार्थ आत गेलाय, वॉरंटी रद्द. हे उसळले. बंदुकीचं राहिलं बाजूला, आमच्या विभूतीला राख म्हणतोस, बाहेरचा पदार्थ म्हणतोस? गल्ली गोळा झाली. त्या माणसानं अर्धा चहा तसाच सोडला. दुसरा आला तो शहाणा होता, त्यानं विभूतीला हात जोडले आणि पितळेच्या वजनावर बोट ठेवलं. बाहेरचा पार्ट बसवलाय, जबाबदारी आमची न्हाय. मग काय, रोज फोन, वकील, ग्राहक मंच. कोपऱ्यावरचा एसटीडीवाला ह्यांना लांबनं बघितल्यावरच खुर्ची पुसून ठेवतो. घरात दुसरा विषय न्हाय, पावणं. जेवताना सिलिंडर, झोपताना सील. पोरीनं विचारलं, अप्पा, मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला जाऊ का? — थांब, आधी बंदूक नीट होऊ दे. मी म्हटलं, दिवाळीला माहेरी संकेश्वरला जाऊन येते — थांब, आधी बंदूक नीट होऊ दे. आमचं सगळं घर नेम धरून उभं हाय बघा. श्वास सोडायची परवानगी न्हाय.

आणि आता तुम्ही आलात. हे गेल्या गेल्या बोळात जाऊन छर्रे मारलेत ते मी खिडकीतनं बघत होते. कागद तुम्ही लगेच घडी करून खिशात घातला. का घातला? मला कळत न्हाय व्हय? आठवीपासनं पोरीचे कागद बघते मी. एकाच भोकातनं गेलेत सगळे. — बोला की. — व्हय ना? मग. बंदुकीला काही झालेलं न्हाय. कधीच झालेलं न्हवतं. मला ठाऊक हाय ते.

कसं म्हणजे... जाऊ दे. तुम्ही तो चहा संपवा. — न्हाय, आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐका, पण ऐकून इथंच सोडून जायचं.

गणपती झाल्यानंतर एका दुपारी पोरगी माझ्यासमोर वेणी घालून घ्यायला बसलीती. तोंड पलीकडं. म्हणाली, अव्वा, बंदूक चांगली हाय. मी म्हटलं, मग छर्रे खाली कसे? म्हणाली, मीच मारते खाली. मला वाटलं नेम चुकतोय म्हणते, मी म्हटलं, असू दे गं, चुकतं माणसाचं. तर ती म्हणाली, चुकत न्हाय अव्वा. जिथं मारायचं तिथंच लागतो माझा. मी खालीच मारते. — माझ्या हातातली वेणी सुटली. पुन्हा तीन पेड केले, पुन्हा सुटली. का गं, म्हटलं, का असं? तर म्हणाली, मला नको वाटतंय हे. काय हवं ते अजून ठाऊक न्हाय मला, पण हे न्हाय. आधी वाटलं, हरले की आपोआप सुटंल. तर मी हरले आणि अप्पा बंदुकीलाच औषध द्यायला लागले. मी म्हटलं, मग सांग की अप्पांना. ती वळली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, तू सांगशील? सांगितल्यावर त्यांचं तोंड तुला बघवंल?

न्हाय बघवणार. — तुम्ही म्हणाल, एवढं काय, सरळ सांगून मोकळं व्हावं. मी आडून आडून बोलून बघितलं की. म्हटलं, पोरीला कंटाळा आला असंल. तर म्हणाले, बंदूक नीट झाली की कंटाळा जाईल. आता ह्याच्या पुढं काय सांगू? पोरगी मुद्दाम हरली? सगळ्यांसमोर, बाप मागं उभा असताना, एकदा न्हाय, दर वेळी? ओरडतील म्हणून भीत न्हाय मी. ओरडणारा माणूस बरा, ओरडून जेवायला बसतो. हे गप्प होतील. मग मालकांनी रक्षिताचे अप्पा म्हणून हाक मारली तरी मान वर करणार न्हाईत. — आणि पोरीचं ऐका. तुम्ही येणार म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडीवर फोन आला, आता नवीन बंदूक मिळंल असं ह्यांनी स्वतःच धरून जेवताना सांगितलं, आनंदानं ताटात दुसरी भाकरी घेतली. पोरगी म्हणाली, नवी आली तर मी नीट मारीन अप्पा. मी तिच्याकडं बघितलं. मान खाली. म्हणाली, तुम्ही एवढं केल्यावर नीट मारायलाच पाहिजे की. आणि भाकरी तशीच टाकून उठली. आता ती मारणार, पावणं. नीट मारणार. पुढची सगळी वर्षं मारत राहणार. पोरगी तशीच हाय, बापासारखी, एकदा उभी राहिली की हलत न्हाय.

म्हणून तुम्हाला एक मागते. नवी देऊ नका. — हसताय? असं मागणारं गिऱ्हाईक तुम्हाला आजवर भेटलं नसंल. पण तुम्हीच जोडून बघा. बंदुकीत दोष न्हाय म्हणालात, तर दोष पोरीत, उद्यापासनं तिची दुप्पट प्रॅक्टिस. दोष हाय म्हणालात, तर नवी बंदूक, आणि पोरगी तिला बांधली. दोन्हीकडनं तीच सापडते. राहिलं काय? विभूती राहिली. तुमच्या पहिल्या माणसाचंच खरं करा. विभूती आत उतरली, तिनं आतलं सगळं खाल्लं, आता ही दुरुस्त व्हायची न्हाय, आणि घरच्यांकडनं झालं म्हणून नवी मिळायची न्हाय. लावली कुणी? मी लावली. येऊ दे की माझ्यावर. लग्न झाल्यापासनं भाजी खारट झाली तर माझ्यावर, लाईट गेली तर माझ्यावर, त्यात एक बंदूक. माझ्यावर आलेलं जिरतं हो. पोरीवर आलेलं जिरत न्हाय.

खोटं बोला म्हणत न्हाय मी. — म्हणजे, म्हणतेच हाय. पण साफ खोटं तरी कसं? विभूती लावली, हे खरं. आत गेली, हे तुमच्याच माणसानं बोटानं दाखवलं. पुढचं जरा ताणून सांगायचं. फक्त एक ध्यानात ठेवा. राख म्हणू नका. चुकूनबी म्हणू नका. राख म्हणालात तर ते तुमच्या कंपनीशी भांडतील, आणि मग आणखी वर्षभर आमच्या ताटात सिलिंडर. विभूती म्हणा. नीट, सावकाश, हात जोडून म्हणा, साहेब, विभूती आत गेलीय. कंपनीशी ते जन्मभर भांडतील. विभूतीशी न्हाय भांडणार. देव्हाऱ्याकडं एकदा बघतील, आईच्या खोलीकडं बघतील, माझ्याकडं बघतील — ते मी बघून घेते — आणि खाली बसतील.

काय म्हणताय? नोकरीचं? व्हय की, तुमचीपण नोकरी हाय, लेकरंबाळं असतील. मी जबरदस्ती करत न्हाय. मी कोण करणार? पण तुम्हाला काय, नवी बंदूक द्यायची वाचली म्हणून कंपनी खूशच होईल की. — थांबा. स्कूटर आली. काय ठरवलंत ते मला सांगू नका, माझ्या तोंडावर लगेच दिसतं सगळं. मी आत जाते, ताटल्या काढते. तुम्ही बंदूक हातात घ्या, उघडून काहीतरी बघत असल्यासारखं करा. — अहो, आले आले, ओरडताय कशाला, दार उघडंच हाय!

दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदाच्या नवऱ्यानं विभूती आत गेलेली बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली, बायकोनं भरलेला डबा न घेता तो कामावर गेला, आणि रक्षिताला पहाटेच्या सरावासाठी कुणी उठवलं नाही.