माकडाच्या गळ्यात कॅमेरा

नाही, साहेब, काही चोरीला गेलेलं नाही — आधी बसा, पाणी घ्या, आणि मग बघा — सगळं इथंच आहे. कॅमेरा माकडाच्या गळ्यात आहे, काळा चष्मा माकडाच्या डोळ्यांवर आहे, टोपी — टोपी तर तुमची तुम्हाला दिसतेच आहे. ती लांबलचक लेन्स गादीवर ठेवलीय, दोन उशांच्या मध्ये, दोन्हीकडची झाकणं लावून, तान्हं मूल निजवतात तशी. काचेला हात नाही लावला मी. म्हणजे लेन्सला लावला, काचेला नाही. आणि माकड काय, तुमच्याच टॉवेलांचं आहे, अंगाला मोठा, डोक्याला छोटा — कॅमेऱ्याचं ओझं त्याच्यावर नाहीच मुळी, पट्टा वर हँगरच्या आकड्यात अडकवलाय, हँगर पडद्याच्या दांडीवर, दांडी लोखंडी. मी एवढा येडा नाही. वाटलं, साहेब देवळातून दमून येतील, टांगेवाल्याशी भांडून येतील, दार उघडतील आणि बघतात तर काय — एक फोटोग्राफर आधीच हजर. हसतील. सगळे हसतात. बोटीवरची ही रीतच आहे, खोली आवरली की टॉवेलचं काहीतरी करून ठेवायचं आणि पाहुण्याच्याच वस्तू त्याला घालायच्या. तुम्ही मात्र दारातच पांढरेफटक पडलात. थोडं आणखी पाणी घ्या.

आता तुम्ही विचाराल, बॅग उघडलीसच का. विचारायलाच हवं. पण ती होती कुठं, ते सांगा — कपाटाच्या माथ्यावर, लाइफ जॅकेटांच्या मागं. साहेब, सगळे तिथंच लपवतात. ज्याला चोरायचंय तो पहिला हात तिथंच घालतो. मग म्हणाल, तिजोरी? ती बुटांच्या खोक्याएवढी. पासपोर्ट मावेल, बाईमाणसाच्या बांगड्या मावतील, तुमची लेन्स आत घालायची तर तिजोरीचं दार काढून ठेवावं लागेल. माझं ऐकाल तर मळक्या कपड्यांची पिशवी घ्या — बॅग तिच्यात, वर कालचा घामट सदरा, आणि पिशवी बाथरूमच्या कोपऱ्यात. दुसऱ्याच्या घामाला कोणी हात लावत नाही. आणि ते चार्जिंग — तुम्ही दाराचं कार्ड खाचेतून काढून घेऊन गेलात, खोलीची वीज गेली, बॅटऱ्या लाल दिव्यावरच बसल्या. मी आलो आणि खाचेत एक जुनं कार्ड सरकवलं. आता बघा, हिरवा आहे ना? एसीही बारीक केला, गार खोलीतून काच एकदम वर उन्हात नेली की तिला घाम फुटतो, आणि तेवढ्यात पक्षी उडून जातो. हे सगळं मी केलं. पण हे कुणाला दिसत नाही. हिरवा दिवा बघून कोणी टाळ्या वाजवत नाही.

आणि खिडकी. खिडकीला तर फार जपायचं, विशेष करून इथं एदफूला. धक्का एवढासा आणि बोटी फार, मग एकीला एक चिकटवून बांधतात. ती बघा ना, ती समोर दिसते ती आपली भिंत नाही, ती दुसऱ्या बोटीची खोली. हात लांबवला तर त्यांच्या टेबलावरचा चहा उचलता येईल. मग त्यांचा हात आपल्याकडे येणार नाही कशावरून? म्हणून माझा नियम आहे — बोट बांधली की काच बंद, खिटी लावलेली, वर पडदा. आजही बंद होता. अगदी बंद.

काय म्हणालात? शाझली? — आलं, तुमच्याही तोंडी आलंच. नाही, तो असं करत नाही, खरं आहे. लक्सरला तुमची ही बॅग मीच जिन्यानं वर आणली, आठवतं? तेव्हाही तुम्ही विचारलंत, शाझली तूच का. मी म्हटलं, नाही साहेब, मी अबुल वफा, छातीवर पट्टी आहे बघा, शाझली पुढच्या बाजूच्या खोल्यांना असतो. तेव्हा तुमचा चेहरा असा झाला, जसं हॉटेलात मासा मागवावा आणि मसूर यावी. चालायचंच. कैरोहून निघतानाच लोक त्याचं नाव घेऊन निघतात. कुणी कुणाला सांगतं, कुणी फोनवर वाचतं — शाझलीची खोली मागा, त्याचा हत्ती बघा, त्याची मगर बघा. आणि खोटं कशाला बोलू, चांगलं करतो. त्याचा हत्ती रात्रभर उभा राहतो. माझा दुपारीच बसतो. मागच्या खेपेला एक जर्मन बाई उतरताना त्याच्या गळ्यात पडून रडली. तिच्या मैत्रिणीची खोली माझ्याकडे होती. ती उतरताना मला म्हणाली, बाथरूमात एक टॉवेल कमी होता.

राग? छे, राग कसला. राग परक्याचा येतो. तो हातानं हलका आहे, तोंडानं गोड आहे, दात पांढरे आहेत, आणखी काय लागतं? मला फक्त एवढंच वाटतं की एखाद्या माणसाला सगळंच का मिळावं. आता गिरगिस म्हातारा, आम्हा खोलीवाल्यांचा मुकादम, या खेपेनंतर घरी बसणार. त्याची जागा कुणाला? मॅनेजर म्हणाले, अबुल वफा नाहीतर शाझली, दोघांतला एक — आस्वानला पोचेपर्यंत पाहुण्यांच्या तोंडी कुणाचं नाव चांगलं येतं ते बघू. मी या नदीवर केस पांढरे केले, साहेब. एस्नाच्या बंधाऱ्याशी होड्यांतून शाली वर फेकणारे फेरीवाले मला नावानं ओळखतात. आणि तो, कालचा पोरगा — त्याला पहिली घडी घालायला कुणी शिकवली? मी. हंस कसा करायचा ते त्याच्या आईच्या ओढणीवर दाखवलं, ती ओरडली, इस्त्रीची होती —

हो. त्याची आई म्हणजे माझी बायको. शाझली माझा मुलगा आहे, साहेब. थोरला.

असं बघू नका. मला काय ठाऊक नाही? मुलाचं नाव निघालं की बापानं मिशीवरून हात फिरवायचा असतो. फिरवतो मीही. आमच्याकडं बापाला थोरल्याच्या नावानं हाक मारतात, मानाची हाक असते ती — अबू शाझली. तो पाळण्यात होता तेव्हा गल्लीत कुणी तशी हाक मारली की मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचो, म्हणजे पुन्हा मारतील. आता तीच हाक धुलाईखान्यातून येते — अबू शाझली, चादरी आण. अबू शाझली, तुझा शाझली कुठाय — आणि मला वाटतं, ह्यांना माझं नाव ठाऊक तरी आहे का? घरी गेलो की तेच. दोघं एकाच बोटीवरून उतरतो, एकाच रिक्षातून घरी जातो, आणि भरलेलं कबूतर पहिलं त्याच्या ताटात. का? तर दमला असेल. आणि मी काय, मी नदीतून पोहत आलो? धाकट्या पोरी त्याच्या भोवती, शेजारची म्हातारी त्याच्यासाठी दुवा मागते. मी भाकरी मोडतो आणि बघत बसतो. वाईट बाप आहे मी, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. पण पुढच्या खेपेला तो मुकादम झाला ना, की सकाळी आम्हाला ओळीत उभं करणार. सदऱ्याची बटणं बघणार. हात पुढे करा म्हणणार, नखं बघणार. माझी नखं, साहेब. त्याची मी कापायचो, झोपेत, तो रडू नये म्हणून.

म्हणून म्हटलं, एक तरी असं करावं की जे त्याला सुचणार नाही. चष्म्याला तो हात लावतो, टोपीला लावतो, कॅमेऱ्याला नाही. मलाच शिकवतो — बाबा, महागाच्या वस्तूला हात लावायचा नाही, लोकांचा जीव त्यात असतो. म्हटलं, बरं, बघ मग. सकाळी तुम्ही टांग्यात बसलात, दगडाच्या देवांचे फोटो सगळेच काढतात मी नाही काढत असं म्हणून हात हलवत गेलात, आणि मी दार लावून घेतलं. किती वेळ लागला विचारू नका, बाकीच्या खोल्या अजून तशाच आहेत. पण जमलं. तुम्ही रागात आहात म्हणून नीट बघत नाही आहात. ही मान बघा, जराशी वाकडी, ही पाठ बघा — काल डेकवर तुम्ही असेच उभे होतात, खंड्या कधी सूर मारतो याची वाट बघत, श्वाससुद्धा धरून. टॉवेलला श्वास धरायला लावलाय मी. तो त्याच्या हत्तींना लावू दे. समोरच्या बोटीवरच्या बाईनं तर टाळ्या वाजवल्या, नवऱ्याला बोलावलं, मुलांना बोलावलं, सगळी त्या खिडकीत गोळा झाली, धाकटा तर हात लांब करून —

हो.

पडदा. पडदा थोडा वेळ उघडा होता.

काचही. नाहीतर टाळ्या ऐकू कशा येणार, साहेब? थोडाच वेळ. मी इथंच होतो, हलत नव्हतो जागचा. म्हणजे एकदा गेलो, चिमटा आणायला, कानाला — माकडाच्या कानाला लावायला — कोपऱ्यापर्यंतच, गेलो आणि आलो. काही गेलं नाही ना? बघा, सगळं जागच्या जागी. तो धाकटा फक्त बोट लावून बघत होता.

फोनवरचा हात काढा, साहेब, पाया पडतो. नाही, मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय, ती वस्तू तुमच्या पोटच्या पोरासारखी. खोली बदलून हवी? शाझलीकडं? तिकडं एक रिकामी आहे, मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही खाली सांगितलंत की ते कारण विचारतील, आणि कारण सांगितलंत की आस्वान यायच्या आधीच माझा निकाल लागला. उद्या सांगा. आस्वानला उतरताना सांगा, बसमध्ये बसल्यावर सांगा. आत्ता द्या ती बॅग, मी नीट भरून देतो, कुठला कप्पा कशाचा मला ठाऊक आहे — नको? बरं. नको तर नको. हे बघा, हात मागं घेतले.

कोण आहे? — ये. दार उघडंच आहे. साहेब, हाच तो. तुम्हाला भेटायचं होतं ना, आला बघा आपल्या पावलांनी. काही नाही झालं रे, तू कशाला आलास, आवाज तिकडपर्यंत येत होता? येऊ दे. जा, तुझ्या खोल्या बघ.

काय म्हणालास?

कुणी केलं?

ऐकलंत, साहेब? म्हणतो, माकड त्यानं केलं. बाबा खाली चादरी मोजत होते, त्यांना काही ठाऊक नाही, मीच मागच्या मागं येऊन बॅग उघडली, शिक्षा मला करा. आणि उभा कसा आहे बघा — मान खाली, हात छातीवर. माफी मागायचीसुद्धा त्याला कला आहे. मला जन्मात जमली नाही. मी मघापासून तिजोरीचं माप सांगत बसलोय.

आणि तुम्ही — तुम्ही हसताय. मी नावं ठेवत नाही, हसा, हसण्यासाठीच केलंय ते. पण मघाशी तुमच्या हातात फोन होता. आता शाझलीनं केलं म्हटल्यावर ते तुम्हाला दिसायला लागलं? मान दिसली? पाठ दिसली? हा, दिसली म्हणता. तुमच्यासारखंच उभं आहे म्हणता. चष्मा सरळ करा म्हणता. फोटो — हो, काढा की, कॅमेरा तुमचाच आहे. तू बाजूला उभा राहा रे शाझली, साहेबांना तुझा फोटो हवाय. घरी दाखवणार, मित्रांना पाठवणार, खाली मॅनेजरला सांगणार की असला कलाकार दुसरा नाही. नाही, मी नको. मी कशाला फोटोत? मी चादरी मोजत होतो.

बरं झालं. सगळं मिटलं. मी इकडं ओले टॉवेल उचलतो. पोरानं वाचवलं बापाला, साहेबांची तक्रार राहिली नाही, कुणाची नोकरी गेली नाही, आस्वानपर्यंत गप्प बसायचं, मग काय व्हायचं ते होईल. चांगला आहे तो. मी म्हटलंच मघाशी. चांगला मुलगा आहे. थोपटा त्याची पाठ.

साहेब.

ते माकड माझं आहे.

नाही, शाझली, तू मध्ये बोलू नकोस. खांद्यावरचा हात काढ. बॅग मी उघडली, साहेब. कॅमेरा मी काढला, पडदा मी सरकवला, काच मी सरकवली, आणि खोली उघडी टाकून चिमटा आणायला मीच गेलो. तो इथं नव्हताच. तो असं कधी करणार नाही, त्याला तेवढी अक्कल आहे. हत्ती त्याचे, मगरी त्याच्या, मुकादमीही होऊ दे त्याची — हे एवढं माझं. त्या फोटोतून त्याला काढा. नाव लिहिणार असाल तर अबुल वफा लिहा, अबू शाझली नाही.

आता करा फोन. नऊ दाबा, थेट खाली लागतो. दाबा, मी इथंच उभा आहे.