न पाहिलेल्या कामावरची सही

नमस्कार. मागे उभ्या असलेल्या मुलींनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

सुर्वेकाका, सोसायटीतली मंडळी, आमच्या हॉस्पिटलातले सगळे. मी रेखा जाधव, सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. मला भाषणाची सवय नाही. वॉर्डात मी बोलते त्या सूचना असतात आणि त्या ऐकाव्याच लागतात. इथे तसं नाही.

हेमलता सुर्वे मागच्या मंगळवारी सकाळी गेल्या. घरीच, चहा घेता घेता. इथे कारेलीबागेत त्या तुमच्या हेमाबेन. आम्ही सगळे, अगदी मोठे डॉक्टरसुद्धा, त्यांना सुर्वे सिस्टरच म्हणायचो. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी त्यांचा चांगुलपणा सांगितला. तो होताच. मी त्यांच्या एका सवयीबद्दल बोलणार आहे. त्या सवयीपायी मी सव्वा वर्ष त्यांच्याशी बोलले नव्हते. आणि त्या गेल्यावर तीन दिवसांनी मी काय केलं, तेही सांगणार आहे. ते न सांगता फोटोला हार घालून बसणं मला जमणार नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नर्सिंग शिकून नोकरीला लागलेल्या माणसांसाठी आमच्याकडे एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स चालतो. जखमांची निगा, हा विषय. पाठीला पडलेल्या जखमा, मधुमेहाचे पाय, ऑपरेशननंतर पोटावर लावलेल्या पिशव्या. वर्ग रविवारी सकाळी आठला, कारण बाकीचे दिवस ड्यूटी. मुली गोत्रीहून येतात, मांजलपूरहून येतात, कुणी मूल सासूकडे सोडून येतं. फिजिओथेरपीवालेही येतात. हा कोर्स सुर्वे सिस्टरांनी उभा केला आणि त्याच चालवायच्या. गेली चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकवतेय.

कोर्सात प्रत्येकाला एक लॉगबुक असतं. केलेल्या कामाची वही म्हणा. कोणत्या पेशंटची कोणती जखम, काय केलं, आणि शेवटी शिक्षकाची सही. सही म्हणजे, हे काम मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? लॉगबुक कशी भरतात हे इथल्या प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. वर्षभर कोरी ठेवायची, आणि शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एका पेनानं, सगळी भरून टाकायची. शिक्षकही एका बैठकीत सह्या करून मोकळे होतात. सगळीकडे चालतं. पळसाला पानं तीनच.

मी कोर्स केला तेव्हा माझी नोकरी वीस वर्षांची झाली होती. मी सिस्टरांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, आणि विचारलं, "रेखा, हा सहावा पेशंट. टाच कुठली? डावी की उजवी?"

मी म्हटलं, डावी.

"हात लावल्यावर तो काय म्हणाला?"

मला आठवेना. आठवणार कसं? वीस वर्षांत अशा किती टाचा बांधल्या. मी म्हटलं, सिस्टर, माझं काम तुम्हाला माहीत नाही का? त्या म्हणाल्या, "तुझं काम मला चांगलं माहीत आहे. पण हे मी बघितलेलं नाही." वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

त्या एका नकारानं माझं सर्टिफिकेट पुढच्या बॅचवर गेलं. त्याच सुमारास इन्चार्जची जागा निघाली. ती मला मिळाली नाही, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ज्युनिअर असलेल्या बाईला मिळाली. मी घरी जाऊन रडले, हे मी आज पहिल्यांदा सांगतेय. आणि सिस्टरांशी बोलणं बंद केलं. एका हॉस्पिटलात, एका मजल्यावर. निरोप द्यायचा तर वॉर्डबॉयमार्फत. त्यांची बदली व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

पण कोर्स तर पूर्ण करायचा होता. पुढच्या वर्षी सगळ्या जखमा पुन्हा, या वेळी त्यांच्यासमोर. मी ड्रेसिंग करायची, त्या बाजूला उभ्या राहायच्या. मी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एक काका होते, पायाला जखम झालेले. वरून सुरेख दिसत होती. लाल, स्वच्छ, भरत आलेली. मी नेहमीसारखी पट्टी बांधायला घेतली. सिस्टर म्हणाल्या, "कडेनं सळई घालून बघ." जखमेची खोली बघायची ती बारीक सळई मी घातली. कातडीखाली सळई आत जातच राहिली. माझं अख्खं बोट मावेल एवढी पोकळी होती तिथे, आणि मी ती वरून झाकून टाकणार होते.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? भीती वाटली. वीस वर्षांत अशा किती मी झाकल्या असतील? कुणी शेजारी उभं राहून बघितलंच नव्हतं, तर मला कळणार कुठून?

त्या काकांचा पाय चमत्कारानं बरा झाला वगैरे मी सांगणार नाही. दोन बोटं गेली. पाय राहिला. सिस्टरांनी माझ्या वहीत सही केली आणि म्हणाल्या, "हे मी बघितलं." मी म्हटलं, हो सिस्टर. सव्वा वर्षानंतर आमचं झालेलं बोलणं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून माझ्यासाठी खांडवी आणली. थोडी तिखट होती.

सुर्वेकाका हसताहेत. काकांनाही माहीत आहे. माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडले, तर बाईंनी आधी कागदी टेप आणून खरचटलेलं मोजलं, आणि मग विचारलं, लागलं का हो?

बरं. आता मागच्या आठवड्याचं.

या वर्षीच्या बॅचला नऊ जण आहेत. सगळे इथे बसलेत. वर्ष संपलं, प्रत्येकाच्या वहीत शेवटच्या तीन सह्या राहिल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या होत्या, रविवारी राहिलेलं बघते आणि सह्या करते. तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी मी त्यांचं कपाट आवरत होते. सहीबरोबर मारायचा त्यांचा शिक्का ड्रॉवरमध्येच होता. किंजल आली. किंजलला गोत्रीच्या एका नव्या हॉस्पिटलात जखमांच्या विभागात नोकरी मिळाली आहे, एक तारखेच्या आत सर्टिफिकेट हवं या अटीवर. पोरगी हुशार आहे, हात हलका आहे. ती वही घेऊन नुसती उभी राहिली. तिनं काहीही मागितलं नाही. हे नीट ऐका, तिनं मागितलं नाही. मीच म्हटलं, दे इकडे. मॅडमे जोयुं तो हशे ज ने. मॅडमनी, म्हणजे सिस्टरांनी, बघितलं तर असेलच.

मी शिक्का मारला. आणि त्याच्यावर सुर्वे सिस्टरांची सही केली. चार वर्षं त्यांच्या शेजारी बसतेय, मला ती हुबेहूब येते.

किंजल रडतच गेली. मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं. माझं जे झालं ते हिचं नको.

मग धवल आला, आमचा फिजिओथेरपिस्ट. त्याचीही वही मी ओढली, आणि सवयीनं विचारलं, कधी बघितलं रे मॅडमनी? तो म्हणाला, "बेन, दोन बघितली. तिसरं रविवारी दाखवायचं होतं." एवढं सरळ बोलला आणि वही उचलून हातात धरली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की किंजलला मी विचारलंच नव्हतं. लगेच फोन केला. ती म्हणाली, "तिसरी जखम मी एकटीनंच केली होती, बेन."

म्हणजे ज्या बाईनं आयुष्यात न बघितलेल्या कामावर सही केली नाही, तिच्या नावानं पहिली खोटी सही मी केली. ती गेल्यावर. तीन दिवसांत. कुणी दुसऱ्यानं केली असती तर मी त्याला वॉर्डात उभं केलं नसतं.

सोमवारी मी आमच्या प्राचार्यांना लिहून दिलंय. ते पान रद्द होईल. मला कोर्सवर ठेवायचं की नाही ते ते ठरवतील, आणि त्यांनी काढलं तर मी तक्रार करणार नाही. राहिलेल्या सगळ्या जखमा रविवारी सकाळी आठ वाजता पुन्हा होतील, नऊही जणांच्या. बाहेरच्या एक सिस्टर उभ्या राहून बघणार आहेत. ज्यांची दोन कामं सुर्वे सिस्टरांनी खरोखर बघितली होती, त्यांनाही ती परत करावी लागतील. अन्याय आहे. मला मान्य आहे. पण त्यांनी बघितलं होतं हे सांगायला त्या आता नाहीत, आणि त्यांच्या वतीनं सांगायची माझी लायकी मी शुक्रवारी घालवली.

यात किंजलची एक तारीख चुकणार. मी त्या हॉस्पिटलात जाऊन बोलले, थांबू असं ते म्हणाले नाहीत. काल किंजलला विचारलं, सभेत तुझं नाव घेऊ का? "घ्या," म्हणाली, आणि फोन ठेवला.

सुर्वे सिस्टर, तुमची माफी मागायला मला उशीर झाला. तुम्ही शेजारी उभ्या राहिलात म्हणून मी नर्स झाले, त्याआधी मी फक्त नोकरी करत होते. तुम्हाला माझा नमस्कार.

आता दोन मिनिटं आपण शांत उभं राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, काका, तुम्हीही. मोबाईल बंद करा.

आणि किंजल, तू इथे माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस तर मला बरं वाटेल. नाही आलीस तरी चालेल, वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. रविवारी आठला मात्र ये.