आधी मागणी, मग मान

मंडळाचे अध्यक्ष माननीय सुमंतराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती शुभदाताई आणि चामराजपेटेतल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना धनलक्ष्मीचा नमस्कार. वर्गात एवढी नावं घेतली असती, तर ताईंनी मला केव्हाच खाली बसवलं असतं.

आपला बसथांबा मोठ्या रस्त्यापलीकडे हलवला, ते दिवस आठवतात ना? माझ्या सासूबाई, चंद्राबाई, काठी टेकत दवाखान्याला निघाल्या आणि रिक्षाचा धक्का लागला. त्यानंतर त्यांनी उंबऱ्याबाहेर पडणंच सोडलं.

वॉर्डसभेत आपल्यातर्फे दयानंदअण्णा उभे राहिले. वेळ तीन मिनिटं. पण सवय आपल्या मंडळाची! प्रत्येक पाहुण्याचं नाव, हुद्दा, मग इंजिनियरसाहेबांचा गौरव. तो गौरव रंगात आला आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. थांब्याचा विषय निघालाच नाही. साहेबांनी टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या. हसताय काय अण्णा, खरंच आहे ते.

त्याच आठवड्यात ताईंनी याच सभागृहात बोलण्याचा वर्ग सुरू केला. आधी मागणी, मग कारण, वेळ उरला तर मानपान, हा त्यांचा नियम. मी सासूबाईंना हाताला धरून इथवर आणलं. त्या म्हणाल्या, "मी अडाणी बाई, मी काय बोलू?" ताई म्हणाल्या, "चंद्राक्का, रस्ता तुम्हाला ओलांडायचाय. मग अण्णांनी का बोलायचं?"

पुढच्या सभेत सासूबाई उठल्या. "नम्म बस स्टॉप वापस कोडि." आमचा थांबा परत द्या. साहेब म्हणाले, स्वल्प अडचण आहे. त्यावर त्या शांतपणे कन्नडमध्येच म्हणाल्या, "बन्नि सार, या साहेब, माझ्याबरोबर एकदा रस्ता ओलांडा, मग नाही म्हणा." सगळ्यांसमोर साहेबांना उठावंच लागलं. अर्ध्या रस्त्यात त्यांनीच सासूबाईंचा हात घट्ट धरला होता. महिन्याभरात थांबा परत आला, आणि आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि ताई, तुमचाही.

ताई आता लेकीकडे नाशिकला कायमच्या निघाल्या आहेत. वर्ग उद्यापासून सासूबाई चालवतील. वर्गातली घंटा त्यांनी आजच ताब्यात घेतली आहे.

मंडळानं मला बोलू दिलं, आभारी आहे. काही अधिकउणं बोललं गेलं असेल तर पदरात घ्या. एक चूक मात्र जाणूनबुजून केली, ताई. मागणी शेवटी ठेवली, कारण ती मंजूर होणार नाही हे मला ठाऊक आहे.

जाऊ नका.