बाण दाखवतो तिथं

दीप्ती : हे नको, बाबा. ह्यात मला काहीच दिसणार नाही.

सहदेव : तुला कशाला दिसायला हवं गो? चालणार मी आहे.

दीप्ती : तुम्ही कुठे आहात ते मला मुंबईत बसून कळायला नको?

सहदेव : मी कुठे आहे ते आधी मला कळू दे.

अनिल : ओ ताई, हातात धरायचं जीपीएस असंच असतं. उपग्रहाकडून जागा समजून घेतं, पण पुढं कुणाला पाठवत काय नाय. माझ्या दुकानात सगळे मिरकरवाडा बंदरावरचे होडीवाले येतात. होडीचा म्होरक्या तांडेल समुद्रात कुठं आहे ते तांडेलाला कळतं. घरी त्याच्या बायकोला नाय कळत.

दीप्ती : निरोप पाठवणारी पण असतात. मी नेटवर बघितलीत.

अनिल : असतात. पण आपल्याकडं परवान्याशिवाय ठेवता येत नायत, उगाच पोलिसांची भानगड. तुम्हाला पाहिजे ते घड्याळ. लहान मुलांचं येतं बघा, सिमकार्डवालं. आई-बापांना फोनवर सगळं दिसतं.

सहदेव : लहान मुलांचं.

अनिल : मोठ्यांच्याही मनगटाला बसतं, गुरुजी. पट्टा लांब असतो.

सहदेव : पट्ट्याबद्दल नाही बोलत मी.

दीप्ती : बाबा, ते काही मनाला लावून घेण्यासारखं नाही. माझ्या ऑफिसात एकीनं सासऱ्यांना घेतलंय.

अनिल : पण वर कातळाच्या सड्यावर रेंज नाय, हे आधीच सांगतो. रेंज गेली की ते नुसतं घड्याळ. गुरुजी, तुम्हाला नक्की कशासाठी पाहिजे? कलमांची बाग मोजायचीय?

सहदेव : डबे शोधायचेत.

अनिल : कसले डबे?

सहदेव : एक खेळ आहे. कुणीतरी कुठंतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतो. दुसऱ्यानं ते आकडे घेऊन तिथं जायचं आणि शोधायचा. जगभर चालतं म्हणे. माझा भाचा प्रथमेश दिवाळीत पुण्याहून आला होता, त्यानं मला सड्यावर नेलं. त्याच्या फोनमध्ये आकडे होते. तिथं नुसता कातळ, सुकलेलं गवत, झाड एक नाही. तो आपला इकडेतिकडे झुडपं हलवत होता. मी म्हटलं, ती भेग बघ, तिच्यात एकच दगड वेगळ्या रंगाचा आहे. त्या दगडाआड निघाला.

अनिल : आणि आत काय?

सहदेव : कागदाची गुंडाळी. आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तसा ठेवायचा.

अनिल : बस? एवढ्यासाठी उन्हात सडा तुडवायचा?

सहदेव : एवढ्यासाठीच.

दीप्ती : तेव्हा प्रथमेश बरोबर होता. आणि खेळायचंच असेल तर फोन आहे ना तुमच्याकडे. त्यातही सगळं होतं.

सहदेव : फोनवर बोट ठेवलं की भलतंच उघडतं. मधेच कुणीतरी फोन करतं, कर्ज पाहिजे का म्हणून. तेवढ्यात मी काय करत होतो तेच जातं. मला आता एकच काम करणारं हवं.

अनिल : मग हे बघा. हे सगळ्यात भारी. पडदा मोठा, रंगीत नकाशा, सगळं बोटानं चालतं. पहिलंच घेताय ना, मग चांगलंच घ्या.

सहदेव : बोट ओलं असेल तर?

अनिल : तर... जरा पुसावं लागतं.

सहदेव : आणि तुझ्या मागं ते आहे, काळं?

अनिल : हे? हे जुन्या पद्धतीचं. बाजूला बटणं आहेत. पडदा लहान, पण उन्हात झकास दिसतो. दोन पेन्सिल सेलवर चालतं. पाण्यात पडलं तरी काय होत नाय. होडीवाले हेच नेतात, पण तुम्हाला ते रंगीत...

सहदेव : दे बघू. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. चार्जिंगला लावायचं मी विसरेन. आणि बटण न बघतासुद्धा बोटाला कळतं. हे बरं आहे.

दीप्ती : बाबा, बरंवाईट नंतर बघू. बुद्धपौर्णिमेचं विसरलात का?

सहदेव : विसरलो. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून ठाऊक.

दीप्ती : विहारातून खिरीचा डबा घेऊन निघालात. हाकेच्या अंतरावर घर. आणि संध्याकाळी पार भाट्याच्या खाडीपुलावर सापडलात. एक रिक्षावाला ओळखीचा निघाला म्हणून घरी पोचलात. डबा तसाच हातात, खीर सांडली पण नव्हती. आईनं मला रडत फोन केला.

सहदेव : दुकानात नको, दीप्ती.

दीप्ती : मग कुठे? घरी म्हणता आईसमोर नको.

अनिल : असं करा ना, गुरुजी. घ्यायच्या आधी हातात घेऊन बघा. हे बटण दाबलं, माझ्या दुकानाची खूण झाली. आता जेटीपर्यंत फिरून या. परतताना हे दुसरं दाबायचं, बाण येतो. बाण दाखवतो तिकडं चालायचं. जवळ आलात की पिप करेल.

दीप्ती : चला, मी येते.

सहदेव : तू आलीस तर तपासणार काय? तुलाच बघत चालेन मी.

दीप्ती : बाबा...

सहदेव : पुढं समुद्र आहे गो, त्याच्यापलीकडं नाही जात.

(सहदेव बाहेर पडतो. मासळीच्या टेम्पोआड त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दीप्ती दारात उभी राहते. मग आत येऊन स्टुलाच्या कडेवर टेकते. नीट बसावं असं तिला वाटत नाही.)

अनिल : चहा सांगितलाय. येईपर्यंत गुरुजी हजर होतील बघा.

दीप्ती : तुम्ही त्यांना पाठवायला नको होतं.

अनिल : गिऱ्हाइकाला असंच देतो मी, ताई. मला काय ठाऊक. काय होतं त्यांना?

दीप्ती : स्मृतिभ्रंश. सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. वयानं विसरायला होतं, एवढंच म्हणतो. आयुष्यभर शाळेत होते, गावात निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय. आता लोक रस्त्यात नमस्कार करतात, तर नुसते हसतात. नाव घेत नाहीत कुणाचं.

अनिल : बोलताना काय वाटत नाय तसं.

दीप्ती : बोलताना नाही वाटत. म्हणून तर भीती वाटते. आईला एकटीला सगळं जमत नाही, आणि मी इतक्या लांब. ते खेळाचं खूळ नसतं तर मी त्यांच्या हाताला घड्याळच बांधून गेले असते.

अनिल : एक सांगू? आमच्याकडं तांडेल यंत्र घ्यायला आला की एकच विचारतो. परत आणेल ना? मासे कुठं ते त्यांचं त्यांना कळतं. परत यायचं तेवढं बघून घेतात.

दीप्ती : समुद्रावर चार माणसं बरोबर असतात.

अनिल : हां, ते आहे. घ्या, चहा आला.

दीप्ती : ठेवा. किती लांब आहे जेटी?

अनिल : ही इथं. मासळीचा लिलाव चालू असेल, बघत राहिले असतील. माणूस थांबतोच तिथं.

दीप्ती : मी जाऊन बघते.

अनिल : तुम्ही एका बाजूनं जाल, ते दुसऱ्या गल्लीनं येतील. घ्या ना चहा, निवतोय.

दीप्ती : नाही, मी... आहेत! समोर आहेत. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी उभे आहेत.

अनिल : बघा. म्हटलं नव्हतं?

दीप्ती : थांबलेत ते. यंत्राकडे बघतात, मग इकडे. मी हात करतेय.

अनिल : मग?

दीप्ती : बघताहेत माझ्याकडे. पण हात नाही केला.

अनिल : ऊन डोळ्यांवर असेल.

दीप्ती : ऊन त्यांच्या पाठीमागे आहे.

अनिल : हाक मारा ना मग.

दीप्ती : ह्या टेम्पोच्या आवाजात? ... आले. रस्ता ओलांडला. बघून ओलांडला. बाबा, या. सांभाळून, पायरी आहे.

सहदेव : हेच का ते दुकान?

अनिल : हेच, गुरुजी. बसा.

सहदेव : पिप करत होतं. बाणाच्या जागी खूण आली, पोचलात म्हणून. मी वर बघितलं, तर हे दुकान मी कधी पाहिलेलंच नाही. दारात एक बाई हात हलवत होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी.

दीप्ती : मी होते ती.

सहदेव : आता कळलं. तेव्हा नाही कळलं. मग मी उभा राहून विचार केला, डोकं एक सांगतंय, हे एक सांगतंय. ऐकायचं कुणाचं? ह्याचं ऐकलं. आत आलो, तर तू निघालीस.

अनिल : मी जरा मागं गोडाऊनमध्ये आहे, ताई. लागलं तर आवाज द्या.

दीप्ती : बाबा, घरी जाऊ या. नको आपल्याला काही.

सहदेव : रडू नको. मला ठाऊक आहे मला काय झालंय ते.

दीप्ती : कुणी सांगितलं?

सहदेव : त्या डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. तुम्ही दोघी बाहेर बसला होतात. मी जन्मभर दुसरीच्या पोरांना फळ्यावर घड्याळ शिकवलं. गोल काढला, बारा लिहिले, मग एक, दोन, तीन करत गेलो. सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले. डावीकडं सगळं रिकामं. डॉक्टर म्हणाले, छान. दुसरीच्या पोराला मीही तसंच म्हणायचो.

दीप्ती : मग आम्हाला का नाही बोललात?

सहदेव : तुम्ही दोघी इतक्या जिवापाड लपवत होतात. मला बोलवेना.

दीप्ती : आज दुकान नाही ओळखलंत. उद्या घर नाही ओळखलंत तर?

सहदेव : नाहीच ओळखणार, एखाद्या दिवशी. पण दारापर्यंत तर येईन? दार उघडायला तुझी आई आहे.

दीप्ती : आणि तिलाही...

सहदेव : ते पुढचं. त्याच्यावर ह्या अनिलच्या दुकानात काही मिळत नाही.

दीप्ती : घरी बसा ना, बाबा. काय हवं ते आणून देईन. प्रथमेशला दर सुट्टीत बोलावू.

सहदेव : घरी बसलो की दिवसभर माझी परीक्षा चाललेली असते. आज वार कुठला, ही कोण आली होती, सकाळी काय जेवलात. तुझी आई मायेनं विचारते, पण विचारते. सड्यावर त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. आणि ह्या खेळात सगळेच कधी न पाहिलेल्या जागी जातात गो. जाऊन उभं राहायचं आणि शोधायचं. जागा ओळखीची नाही म्हणून कुणी तुम्हाला आजारी म्हणत नाही.

दीप्ती : पण तुम्ही कुठे आहात ते मला कसं कळणार?

सहदेव : फोन खिशात ठेवीन, चालू. त्यावर तू मला बघत बस मुंबईहून, रेंज असेल तिथं. हे माझ्या हातात राहू दे.

दीप्ती : आणि कड्याच्या बाजूला नाही जायचं.

सहदेव : नाही जात.

दीप्ती : आईला सांगितल्याशिवाय निघायचं नाही.

सहदेव : तिला सांगून निघेन. ते विसरलो तर ती दाराशीच बसलेली असते.

दीप्ती : अनिलभाऊ! या पुढे. हे बटणांचं द्या. सेलचे जोड जास्त द्या.

अनिल : रंगीत नको ना? ठीक. एक ऐका, घराची खूण इथून नाय करता येत. घरी जाऊन अंगणात उघड्यावर उभं राहायचं, थोडा वेळ हलायचं नाय, मग बटण दाबायचं.

सहदेव : अंगणात उभं राहून बटण दाबायचं. तूही ऐकून ठेव, दीप्ती.

दीप्ती : ऐकलं. पहिल्यांदा कुठे जाणार?

सहदेव : प्रथमेशनं अजून एका डब्याचे आकडे दिलेत. सड्यावरच, पण निवळीच्या बाजूला. तुझी गाडी कधी आहे?

दीप्ती : रविवारी रात्री.

सहदेव : म्हणजे सकाळ मोकळी आहे तुला.

दीप्ती : मोकळी आहे. येते मी. तुमच्या मागून चालेन, काही बोलणार नाही.

सहदेव : मागूनच चाल. आणि मी चुकलो तर लगेच हाक मारू नको.

दीप्ती : मग कधी मारू?

सहदेव : मी वळून बघेन तेव्हा.