थांबा, मेन पाडू नका

—नाही किसनभाऊ, त्या मेन स्विचच्या दांड्यावरचा हात काढा अगोदर. मालूम हाये मले जिनिंगचा कायदा – कापसाची गंजी, एक ठिणगी पडली तर सारं भसकन जाईन, म्हणून सांजच्याले मेन पाडाच लागते. चौकीदार हाये तुमी, तुमचं बरोबरच हाये. पण ह्या कम्प्युटरनं आजचं काट्यावरचं सारं वजन पोटात ठेवलं, अन डिस्कवर उतरवलं का नाही, ते सांगूनच नाही राह्यला. मधातच लाइट गेली तर? पावत्या? कुठल्या पावत्या – प्रिंटर बंद, उद्या या म्हणून धाडलं न साऱ्या कास्तकाराइले. अन कापूस तर गंजीत गेला. आता कोणाचा कोणता, काढता का निवडून?

गेल्या हप्त्यात मीच नवा कर्नल टाकला याच्यात – मिलिटरीतला नाही हो, कर्नल म्हणजे याचा जीव समजा. जुना होता तवा बंद हो म्हटलं का गुमान डिस्क सोडे. हा सोडत नाही. डिस्क बिझी हाये म्हणते. कोणापायी बिझी? सारे प्रोग्राम बंद केले म्या, काट्याचाही केला. थांबा, त्यालेच इचारतो कोण धरून बसलं म्हणून –

हे पाहा. मीच. हे हुकूम टाइप कराची काळी खिडकी आजच्या वजनाच्या फोल्डरात उघडी हाये. म्हणजे उंबरठ्यावर मीच उभी, अन दार काहून लागत नाही म्हणतो. कायले गेलती तिथं? असंच. एक नाव पाहाले. दुपारी पांढऱ्या शर्टवाल्यानं गाडी आणली न – धम्मरत्न. भाऊ हाये तो माहा, सख्खा. म्या जातीबाहेर क्षितिजसंग लगन केलं तवापासून बोलत नाही. आज काट्यावर समोर आला, मागं लाइन, अन मी काय म्हटलं? नाव सांगा. साऱ्याइले म्हणतो तसं. त्यानंही सांगतलं, पूर्ण, बाबाच्या नावासकट – जसं मले बाबाचं नाव मालूमच नाही. म्या टाइप केलं. पुढचा या, म्हटलं.

पावतीले उद्या कोणालेही धाडीन, पण स्वतः आता येत नाही तो. यंदा एकाच वेच्यात वावर सरलं त्याचं, कापूसच नाही तर काट्यावर कायले येईन? म्हणून ते ओळ पाहात बसली होती, अन तुमाले सांगून राह्यली का कम्प्युटर अडला.

निघतो बाहेर. दोन अक्षरं दाबाची हायेत फक्त. दाबतो न – दाबतो.

हं. सोडली. उतरलं सारं. त्याचंही.

पाडा मेन. माह्याकडे पाहू नका किसनभाऊ, पाडा.